वंशावळीच्या कपाटातलं सगळ्यात झिजलेलं पुस्तक कोणतं?

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने माझा वंशावळीचा कप्पा जमिनीवर ओतला आणि विचारलं, यातलं रद्दीत काय देऊ. मी म्हटलं काहीच नाही. मग ती म्हणाली की बरं, निदान यातलं वापरतोस काय ते तरी सांग, आणि मी खरंच बसून बघितलं की कोणत्या पुस्तकाच्या कडा काळ्या झाल्यात, कोणाची शिवण सुटलीये, कोणत्यात बसची तिकिटं खुणेला घातलीयेत.

गंमत अशी की आमच्या आडनावाचा जाडजूड कुलवृत्तांत, सोनेरी अक्षरांचा, ज्याच्यासाठी कुलसंमेलनात रांग लावून पैसे भरले होते, तो नवा कोरा आहे. आणि सगळ्यात फाटकी काय तर मोडक जंत्रीची, म्हणजे जुन्या तारखा जुळवायच्या कोष्टकांची झेरॉक्स, स्पायरल बाइंडिंगवाली. तिच्यात आमच्या घरातल्याच काय पण कोणाच्याच घरातल्या माणसाचं नाव नाही. नुसते आकडे. शक, हिजरी, फसली, इसवी, सगळे शेजारी शेजारी.

हे असं का झालं ते सांगतो, थोडं लांबेल.

आमच्या कुलवृत्तांतात खापरपणजोबांच्या वडिलांच्या शेजारी एक चौकट आहे. त्याच नावाचा दुसरा माणूस, कंसात "पुतण्या असावा", खाली "निर्वंश". लहानपणापासून हे बघतोय. संमेलनाला स्टेजमागे जो भला मोठा फ्लेक्स लावला होता त्यावरही हे गृहस्थ होते. कारण काय तर नाशिकला रामकुंडावरच्या आमच्या उपाध्यायांच्या वहीत मूळ पुरुषाच्या अस्थी घेऊन मुलगा आल्याची नोंद आहे शके १७५२ ची, म्हणजे १८३०-३१. आणि एका जमिनीच्या कागदावर त्याच नावाची सही आहे, तो कागद समितीने धरला होता १८३६ चा. मेलेला माणूस सही कशी करणार? म्हणून दुसरा माणूस काढला. तसं नाव परत परत यायचंच घरात, नातवाला आजोबांचं नाव, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

दोन वर्षांपूर्वी चुलत काकांच्या ट्रंकेत तो मूळ कागद मिळाला. मोडी. वर "सन १२३७" आणि त्याच्या पुढे कागदाचा कोपराच नाही, घडीवर तुटून गेलेला. समितीने १२३७ ला शुहूर, म्हणजे पेशवाईच्या कागदातला सन समजून ५९९ मिळवले, आले १८३६. पण १८१८ नंतर इकडे कंपनी सरकारचा अंमल, वसुलीचा कागद, आकड्यात लिहिलेला सन, हे सगळं फसलीकडे, म्हणजे महसुली सनाकडे बोट दाखवत होतं. फसलीला मिळवायचे ५९०. आले १८२७. कागदाच्या तळाशी तिथी आणि वार दोन्ही होते, म्हणून सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) बसून जंत्रीत दोन्ही वर्षं लावून बघितली. १८३६-३७ ला त्या तिथीला तो वार बसेना. १८२७-२८ ला बरोब्बर बसला.

म्हणजे सही मूळ पुरुषाचीच, मरायच्या आधी तीनेक वर्षं केलेली. दुसरा कोणी नव्हताच. नऊ वर्षांच्या बेरजेतून एक अख्खा माणूस जन्माला आला होता आणि बिचारा निर्वंश पण ठरला होता.

तर तुमच्या कपाटातलं सगळ्यात झिजलेलं कोणतं? शोभेचं नको, वापरातलं सांगा.

पिंपळपार

वाह काका, काय किस्सा आहे. 😄 पण मला एक बेसिक शंका, हे शुहूर आणि फसली वेगळे ओळखायचे कसे? मी आपला शकात ७८ मिळवतो आणि गप बसतो.

मोडीमास्तर

पिंपळपार, शकात ७८ मिळवून गप बसू नका, तिथेच घोळ होतो. शक बदलतो पाडव्याला, इसवी सन बदलतो जानेवारीत. त्यामुळे मधले पौष, माघ, फाल्गुन कात्रीत सापडतात, तिथे ७९ लागतात. पानिपत बघा, शके १६८२ पौष शुद्ध ८. अठ्ठ्याहत्तर मिळवाल तर १७६० येईल. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. पौषात मात्र तिथी बघूनच ठरवायचं, कारण त्याचे सुरुवातीचे दिवस कधी कधी डिसेंबरात पडतात.

अजून एक तपासणी असते, संवत्सराचं नाव. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १६८२ अधिक १२ म्हणजे १६९४, बाकी १४, चौदावा विक्रम. कागदावर "विक्रमनाम संवत्सरे" असेल तर आकडा बरोबर वाचलात. गोदाकाठांच्या १७५२ ला बाकी २४ येते, विकृती. मोडीत आकडे पुसट असले की ३ आणि ६ मध्ये, १ आणि ९ मध्ये फसायला होतं, तेव्हा संवत्सर वाचवतो.

शुहूर आणि फसली दोन्ही मृगाला सुरू होतात, म्हणून लोक गोंधळतात, पण दोघांत नऊ वर्षांचं अंतर आहे. पेशवाईच्या कागदात शुहूर बहुतेक शब्दांत लिहितात, अरबी शब्दांत, आणि आधी "सु॥" असं असतं. फसली जास्त करून आकड्यात दिसतो. आणि जानेवारी ते मृगापर्यंतच्या तारखेला दोन्हीकडे एक जास्त मिळवायचा, ६०० किंवा ५९१.

माझ्यापुरतं विचाराल तर जंत्री दोन लागतात. शिवकाळासाठी ग. स. खरे यांची शिवकालीन शकावली, जिला सगळे खरे जंत्रीच म्हणतात, आणि नंतरच्या काळासाठी मोडक. स्वामीकन्नू पिल्लईंची इंग्रजी एफिमेरिस, म्हणजे तसलीच कोष्टकं, पण आहे, अतिशय अचूक, पण ती उघडायला मांडी घालून बसावं लागतं.

कॉलेजरोड_कट्टा

सॉरी पण २०२५ नंतर कोण जंत्री बघतं? नेटवर कन्व्हर्टर आहेत, वंशावळीचं सॉफ्टवेअर ग्रॅम्प्स फुकट आहे, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर अकाउंट काढा, मोडीचे फॉन्ट पण आलेत. माझ्या कपाटात एकही पुस्तक नाही, सगळं ड्राइव्हवर.

मोडीमास्तर

दादा, मोडी युनिकोडमध्ये आली २०१४ ला, चांगलंच झालं. पण फॉन्ट लिहायला असतो, वाचायला नाही. बोरूने एका दमात ओढलेली ओळ, आधी अख्ख्या पानभर रेघ मारून घेतलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घ नाही, हे तुमचा फोन वाचून दाखवेल त्या दिवशी मी तुम्हाला मिसळ घालीन.

कॉलेजरोड_कट्टा

मास्तर स्क्रीनशॉट काढून ठेवलाय, मिसळ पक्की. 😂

गोदाकाठ (धागाकर्ता)

कट्टा, तुझा कन्व्हर्टर शुहूर विचारतोय की फसली हेच जर आपल्याला माहीत नसेल तर तो बरोबर उत्तर देऊन पण चुकीचंच सांगणार ना. आमच्या समितीचं तेच झालं, बेरीज बरोबर होती.

सॉफ्टवेअर मीही वापरतो. पण त्यात तारखेच्या खाली नोट लिहायची जागा असते तिथे मी मूळ कागदावर जसं आहे तसं अक्षरशः उतरवतो आणि मग माझा अर्थ वेगळा लिहितो. ही सवय आधी असती तर ते गृहस्थ फ्लेक्सवर गेले नसते.

निफाडची_द्राक्षं

धागा भारी आहे पण खरं सांगू का, तुम्ही सगळे कुलवृत्तांतवाले. आमच्याकडे शेतकऱ्यांच्या घरात कुठून आला कुलवृत्तांत. आमचा आजा सही पण अंगठ्याची करायचा. आम्ही काय ठेवायचं कपाटात? मी तरी २०२३ साली सगळीकडे जुन्या नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा पहिल्यांदा तलाठ्याकडं गेलो आणि तेव्हापासून हे वेड लागलं, मोडी वाचणाऱ्याचा भाव तेव्हा एकदम वाढला होता हे मास्तर सांगतील.

माझं झिजलेलं पुस्तक म्हणजे एक बॉक्स फाइल. त्यात सातबारा, आठ-अ, सगळे फेरफार, क-ड-ई पत्रक, शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा आणि कोतवाल बुकाच्या नकला. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं. आमच्या गावच्या कोतवाल बुकात १९१८ च्या पानावर एकाच घरातले तीन मयत आठवडाभरात लिहिलेत. कारणाच्या रकान्यात एकच शब्द, ताप. ती इन्फ्लुएंझाची साथ होती हे मला नंतर कळलं. घरात कोणी कधी बोललंच नव्हतं, आज्याला फक्त एवढं माहीत होतं की त्याला चुलतीनं वाढवला.

पिंपळपार

बाप रे. अंगावर काटा आला.

मोडीमास्तर

निफाडकर, तुमची फाइल हीच खरी वंशावळ आहे, कमी लेखू नका. वारस नोंदीच्या फेरफारात तलाठ्याने मयताची सगळी मुलंबाळं लिहिलेली असतात, लेकी आणि बायका धरून. कुलवृत्तांतात लेकी कितीदा गाळलेल्या असतात बघा.

त्या फाइलशेजारी एक पुस्तक जरूर ठेवा. त्रिंबक नारायण आत्रे यांचं "गाव-गाडा", १९१५ चं. लेखक महसुलात नोकरी केलेला माणूस, गावातला प्रत्येक जण कोणत्या हक्काने कुठे बसायचा, बलुतं किती, अलुतेदार कोण, पाटील-कुलकर्ण्यांचं वतन कसं चालायचं, फिरस्ते कोण यायचे, सगळं आहे. काही ठिकाणी मतं आज वाचवत नाहीत, त्या काळाच्या चष्म्यातून लिहिलंय, ते सोडून द्यायचं. पण कागदात "हक्क लाजिमा", "पानमान", "मिरासदार", "उपरी" असं आलं की डिक्शनरी नुसता अर्थ सांगते, आत्रे तो माणूस गावात उभा करून दाखवतात.

निफाडची_द्राक्षं

मास्तर थँक्यू, आजच बघतो. आणि एक विचारायचं होतं, हसू नका. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावापुढं "ए.कु.मॅ." आहे. माझा भाऊ वर्षभर सगळ्यांना सांगत होता की आपलं मूळ आडनाव एकुमे.

गोदाकाठ (धागाकर्ता)

😂😂 एकत्र कुटुंब मॅनेजर! थोरल्या भावाच्या नावावर सगळ्यांची जमीन. "अ.पा.क." दिसलं तर अज्ञान पालक कर्ता, म्हणजे वारस लहान आहे आणि दुसरं कोणीतरी त्याच्या वतीने बघतंय. हे दिसलं की समजायचं बाप लवकर गेला.

मी पण असाच आपटलोय. "अमुक निसबत तमुक" असं एका यादीत होतं, मी निसबत म्हणजे नातं धरून तमुकला अमुकचा बाप करून टाकला. सहा महिने तो झाडावर होता. निसबत म्हणजे त्याच्या हाताखालचा, त्याच्या दिमतीचा. हे कळलं "फार्शी-मराठी कोशा"मुळे. कोशकार माधवराव पटवर्धन, म्हणजे आपल्याला शाळेत ज्यांच्या कविता होत्या ते माधव जूलियनच, फारसीचे प्राध्यापक होते. कोश १९२५ चा आहे. कवीने आमच्या घराण्यातला एक खोटा बाप कमी केला असं मी सगळ्यांना सांगतो.

सिडकोवासी

कोशांचा विषय निघालाच आहे तर य. न. केळकरांचा "ऐतिहासिक शब्दकोश" कोणी सांगितला नाही अजून? माझ्याकडे तोच सगळ्यात फाटका. दाते-कर्व्यांचा "महाराष्ट्र शब्दकोश" सात खंड अधिक पुरवणी, तो वन बीएचकेत ठेवायचा म्हणजे एक माणूस बाहेर झोपवावा लागेल, त्यामुळे तो आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मी शिकागो विद्यापीठाच्या साइटवर बघतो, फुकट आहेत दोन्ही. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे आपले खापरपणजोबा जी मराठी बोलत होते ती जवळपास तीच. जुन्या पत्रातला शब्द आजच्या अर्थाने वाचला की फसगत ठरलेली.

चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश पण आहेत माझ्याकडे, मध्ययुगीन आणि अर्वाचीन. खरं सांगतो, आमचं कोणीच त्यात नाही. तरी मी दर दोन-तीन महिन्यांनी एकदा शोधतो. 🙈

माहेरवाशीण

सगळं वाचलं, छान चाललंय. पण एक बोलू का. तुमच्या कुलवृत्तांतात माझ्या पणजीची ओळख फक्त "भार्या" आणि सासरचं नाव एवढीच आहे. कोणाची लेक, कुठल्या गावची, काही नाही. लग्नात नाव बदललं की बाई दोन्हीकडच्या झाडांवरून खाली पडते. माहेरच्या पुस्तकात "दिली अमक्या गावी" आणि सासरच्या पुस्तकात "भार्या". संपलं.

माझं झिजलेलं पुस्तक सांगते. माझ्या आजीच्या लग्नातली आहेराची वही. लाल खणाचं कव्हर शिवलेलं. कोणी काय दिलं, कोणाला काय परत केलं. "येवल्याची मावशी, पातळ एक." "सिन्नरचे मामा, पितळी तांब्या, भांडे." "चांदवडची आतेसासू, रुपये दोन, खण." मावशी, मामा, आत्या, सगळे गावासकट. त्या वहीवरून मी आजीच्या आईचं माहेर काढलं, कारण ज्या मामांनी मामाच्या बाजूने पिवळी साडी आणली ते सिन्नरचे, म्हणजे पणजीचे भाऊ सिन्नरला होते. मग तिथल्या शाळेतून आणि जुन्या घराच्या उताऱ्यावरून बाकीचं जुळलं. पणजीचं माहेरचं नाव आता मला माहीत आहे. तिच्या स्वतःच्या नातवंडांना माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट जन्मपत्रिका. गुंडाळी करून देव्हाऱ्यात पडलेल्या असतात. त्यात शक, संवत्सर, तिथी, घटका-पळं सगळं असतं आणि मुख्य म्हणजे आईचं नाव असतं, "यांचे भार्येचे उदरी". त्या फेकू नका, हात जोडून सांगते. आमच्या एका काकूने गेल्या वर्षी सगळ्या गंगेत सोडल्या, मेल्या माणसांच्या पत्रिका घरात नकोत म्हणून.

मोडीमास्तर

ताई, आहेराची वही हा संदर्भग्रंथ आहे हे माझ्या डोक्यात चाळीस वर्षांत आलं नाही. कान पकडले.

जुन्या कागदात बाईच्या नावापुढे "कोम" आलं तर अमक्याची बायको, "मर्द" आलं तरी पुढचं नाव नवऱ्याचं, महसुली कागदात "भ्र." म्हणजे भ्रतार. पुरुषांच्या नावात "बिन" आणि "वलद" म्हणजे मुलगा. ही चार-पाच अक्षरं समजली की निम्मं झाड सरळ होतं.

पिंपळपार

ताई, मी आत्ता आईला फोन करून विचारलं तर ती म्हणते आहेराची वही आहे, त्यावर गेली वीस वर्षं दळणाचा डबा ठेवलेला आहे. 🤦

गोदाकाठ (धागाकर्ता)

ताई, खरंय. मी माझ्या झाडात बायकांना माहेरच्या नावाने टाकायला सुरुवात केली तर काकांनी फोन करून विचारलं ही नवीन आडनावं कुठून आली आपल्यात.

उपाध्यायांच्या वह्यांबद्दल दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय म्हणून इथेच लिहितो. हे एकच पुस्तक घरच्या कपाटात ठेवता येत नाही. रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला जाताना आडनाव आणि मूळ गाव दोन्ही घेऊन जा, नुसतं आडनाव उपयोगाचं नाही. कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही तर हुद्द्याची नावं, हजार घरं असतात. उपाध्याय गावावरून आणि प्रदेशावरून वाटलेले असतात, एकाकडे नसेल तर तो सांगतो कोणाकडे जा. घाईत जाऊ नका, सकाळी विधींची गर्दी असते, दुपारी कलती वेळ धरून जा. दक्षिणा मोकळ्या मनाने द्या, विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका, त्यांच्यासाठी ती पिढ्यांची ठेव आहे. आणि निघताना आपली नोंद करा, बायको-मुलींच्या नावासकट. सिंहस्थ तोंडावर आलाय, एकदा गर्दी सुरू झाली की विसरा.

माझ्या पणजोबांची सही मी तिथे बघितली. स्वतःच्या हातची. र ची मान माझ्यासारखीच वाकडी. बाकी काही म्हणायचं नाही त्याबद्दल.

निफाडची_द्राक्षं

आमच्याकडं भाट यायचा म्हणे, वही घेऊन, आजी सांगायची. वंशावळ म्हणून दाखवायचा, धान्य घेऊन जायचा. आता कोणी येत नाही.

सिडकोवासी

कोल्हापूर-सांगलीकडे आणि बेळगावात हेळवी असतात, बैलगाडीतून फिरायचे, घराण्याच्या वह्या घेऊन. माझ्या बायकोचं माहेर तिकडचं, तिच्या वडिलांनी लहानपणी स्वतः ऐकलंय, सात पिढ्या घडाघडा.

नाशिकवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सोळावा खंड नाशिकचा, १८८३. इंग्रजी आहे पण कंटाळवाणा अजिबात नाही. त्यात पूर्वज सापडणार नाहीत, पण त्यांचा गाव त्यांच्या काळात कसा होता, बाजार कुठल्या वारी भरायचा, दुष्काळात काय झालं हे सापडेल. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ, मग १८९६ नंतर प्लेग. घराणं गाव सोडून गेलं असेल तर कारण बहुतेक यातलंच एक. आमचे पणजोबा "स्वप्नात देवीने सांगितलं म्हणून" नाशिकला आले अशी घरची कथा आहे. तारीख लावली तर प्लेगाचं वर्ष निघालं. देवीने प्लेग बघून सांगितलं असेल.

माहेरवाशीण

😄 देवी पण प्रॅक्टिकल असते.

एक व्यावहारिक प्रश्न, हे सगळं ठेवायचं कसं? आमचा जुना वाडा नदीकडे, ऑगस्ट २०१६ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला तेव्हा खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. ट्रंक भिजली. पंख्याखाली एकेक पान वाळवलं. बोरूची काळी शाई बरीच टिकली, शाईपेनची निळी धुऊन गेली आणि कॉपिंग पेन्सिलचं लिहिलेलं सगळं जांभळं झालं. आहेराची वही वाचली ती माळ्यावर होती म्हणून.

मोडीमास्तर

ताई, माळा पुरापासून वाचवतो पण कौलातल्या गळतीपासून नाही, पत्र्याखाली उन्हाने कागद भाजतो पण. मधलं कपाट बरं, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं. लॅमिनेशन कधीच करू नका, सेलोटेप लावू नका, स्टेपलर आणि टाचण्या काढून टाका, गंजाने भोक पडतं. जुने लोक दफ्तर सुती कपड्यात बांधायचे, रुमाल म्हणतात त्याला, पेशवे दफ्तरात अजून रुमालच म्हणतात. धुतलेलं जुनं धोतर यासाठी उत्तम, प्लॅस्टिकची पिशवी वाईट, आत दमटपणा कोंडतो. वेखंडाची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवा. आणि पावसाळा संपला की वर्षातून एकदा सगळं उघडून बघा, कसर लागली असेल तर तेव्हाच कळते. स्कॅन तर कराच, मोबाइलने का होईना, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद करून.

पिंपळपार

मंडळी अपडेट!! दळणाचा डबा उचलला. आहेराची वही मिळाली आणि तिच्या खाली एक कापडी पुडकं मिळालं, त्यात मोडी कागद. आमच्या घरी पूर्वापार सांगतात की पेशव्यांनी आमच्या पूर्वजांकडून कर्ज घेतलं होतं. आजोबा तर पाहुण्यांना हमखास सांगायचे. हा तोच कागद असावा असं आई म्हणते. मास्तर, मी अक्षर लावत लावत पहिली ओळ काढलीये, बरोबर आहे का बघा: "सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ १६ साबान". आता याचं काय करू?

गोदाकाठ (धागाकर्ता)

अरे वा! थांब, मास्तर यायच्या आत मला करू दे, हात शिवशिवतोय.

सलास ३. सबैन ७०. मया १००. अलफ १०००. एकूण ११७३ शुहूर. सबैन नीट बघ हां, "सबा" असेल तर तो ७ होतो आणि सगळं बिघडतं. ११७३ अधिक ५९९, १७७२. "छ" म्हणजे चंद्र, चंद्राची सोळावी रात्र, साबान महिना. आता साबान जानेवारीच्या अलीकडे पडतो की पलीकडे ते बघायला जंत्री. बघितलं. नोव्हेंबर १७७२, दुसरा आठवडा.

पिंपळपार, जरा थांबून विचार कर. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला गेले. हा कागद लिहिला तेव्हा ते तिथे शेवटच्या दुखण्यात होते आणि तुझ्या घरात कोणीतरी बोरू टाक करत बसलं होतं.

मोडीमास्तर

तारीख बरोबर. शाबास गोदाकाठ. पिंपळपार, पुढच्या ओळींचा फोटो निरोपात पाठवा, रात्री बघतो.

सिडकोवासी

काटा आला राव. पेशव्यांना कर्ज दिल्याचा कागद, फ्रेम करा. लॅमिनेशन नको पण!

कॉलेजरोड_कट्टा

ओके, मी हरलो. मोडक जंत्रीची झेरॉक्स कुठून काढायची सांगा. आणि मिसळ मी घालतो.

मोडीमास्तर

पिंपळपार, वाचलं. इथे लिहू की फोन करू?

पिंपळपार

इथेच लिहा ना सर, सगळे वाट बघतायत.

मोडीमास्तर

बरं. कर्जाचाच कागद आहे, तो भाग खरा. पण पेशव्यांचा काही संबंध दिसत नाही, गावातल्याच एका सावकाराचा आहे. आणि रक्कम नाही, जोंधळे आहेत, एक खंडी, म्हणजे वीस मण. तुमचे पूर्वज देणारे नाहीत. घेणारे आहेत. पुढल्या सुगीला सवाईने फेडीन असं लिहून दिलंय, खाली नांगराची निशाणी आहे.

निफाडची_द्राक्षं

नांगराची निशाणी म्हणजे शेतकरीच की भो. ये आमच्यात. 😄

पिंपळपार

😶

फेडले का पण?

मोडीमास्तर

ते मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. मागची बाजू कसरीने खाल्ली आहे.

पिंपळपार

मंडळी, फेडल्याची पावती मिळेपर्यंत मी घरी काही बोलत नाहीये. पुडक्यात अजून अकरा कागद आहेत. मास्तर, रविवारी येऊ का?